अंश म्हणजे वाटा की पायरी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहावीत. अपूर्णांकातल्या वरच्या संख्येला अंश म्हणतात हे ती शिकली, पुढच्याच आठवड्यात कोनमापकावरचे अंश आले, भूगोलात अक्षांश-रेखांश आले, आणि घरी आजी पंचांग उघडून ‘शनी अमुक अंशावर आहे’ म्हणाली. हे सगळे अंश एकच का, असं तिनं वडिलांना विचारलं आणि वडिलांना सांगता आलं नाही. नववीतल्या मुलाचा ‘३०० अंश केल्विन’ लिहिल्याबद्दल अर्धा गुण गेला आहे, तो का गेला हेही त्यांना विचारायचं आहे.

मी चौतीस वर्षं जमीन मोजली, त्यातली शेवटची काही पॉलिटेक्निकात पोरांना मोजणी शिकवली. अंश हा माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

शब्दाचा मूळ अर्थ एकच : वाटा, हिस्सा, भाग. ‘त्याच्या बोलण्यात तथ्याचा अंशही नाही’ म्हणतो तो हाच. सारांश, अंशतः, रसायनशास्त्रातला आंशिक दाब, सगळीकडे वाटाच. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. तिच्यात अपूर्णांकाच्या वरच्या संख्येला अंश, लव, भाग असे शब्द येतात आणि खालच्या संख्येला छेद किंवा हर. छेद म्हणजे कापणं. भाकरीचे चार तुकडे केले, हा छेद झाला. त्यातले तीन तुकडे ताटात घेतले, हा अंश झाला. म्हणून ३/४ मध्ये चार हे कापण्याचं काम सांगतं आणि तीन हे घेण्याचं.

इथे मुलं एका ठिकाणी हमखास अडतात. ७/४ लिहिलं की विचारतात, चारच तुकडे असताना सात कुठून घ्यायचे? आपल्या पुस्तकात त्याला अंशाधिक अपूर्णांक म्हणतात, आणि ते नाव ऐकून गोंधळ आणखी वाढतो. वाटा कशाचा, एवढं स्पष्ट केलं की गाठ सुटते. तुकडा आहे पाव भाकरीचा, आणि असे सात तुकडे घेतलेत, दोन भाकऱ्या मोडून. पावणेदोन भाकऱ्या. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले त्या पिढीला हे शिकवावंच लागत नसे, कारण सव्वा, दीड, अडीच, औट यांना भाषेत स्वतःचं घर होतं. औट म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचं राज्य’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

दशांश हाही त्याच घरातला, दहावा वाटा. ३.१४ हे ‘तीन पूर्णांक चौदा शतांश’ असं वाचायची जुनी रीत होती. आता सगळे ‘तीन पॉइंट चौदा’ वाचतात आणि मग मुलाला वाटतं, चौदा नवापेक्षा मोठे, म्हणजे ३.१४ हे ३.९ पेक्षा मोठं. जुन्या वाचनात वाट्याचं नावच बोललं जायचं : इकडे चौदा शतांश, तिकडे नऊ दशांश. चूक करायला जागाच कमी. घरी मुलीला तसं वाचायला लावा, दोन दिवसांत फरक दिसेल.

जमिनीच्या कामात छेद बहुतेक वेळा बोललाच जात नाही, तो गृहीत असतो. गुंठ्याचे सोळा आणे. हिश्शाला ‘चार आणे’ म्हटलं की पाव हिस्सा. पिकाची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा अंदाज, काढत तीही सोळातली. पुढे तिची पैसेवारी झाली म्हणजे छेद सोळाचा शंभर झाला. आठ आण्यांचं पीक आणि पन्नास पैशांचं पीक यात शेतात काहीच फरक नाही. पण एखादा म्हातारा शेतकरी ‘दहा आणे आलंय’ म्हणतो आणि नवा पोरगा वहीत १० लिहून पुढे जातो, तेव्हा साडेबासष्टचं दहा होतं. असं झालेलं मी पाहिलं आहे. अंश लिहिला, छेद मनातच राहिला.

आता कोन. सूर्यसिद्धान्तात मापं दिली आहेत : ६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक भाग, ३० भागांची एक राशी आणि १२ राशींचं एक भगण, म्हणजे पुरी फेरी. तिथे शब्द चक्क ‘भाग’ असा आहे. ज्याला आपण आज अंश म्हणतो तो राशीचा तिसावा वाटा, आणि बारा राशींच्या हिशेबानं वर्तुळाचा ३६०वा वाटा. म्हणजे कोनमापकावरचा अंश आणि अपूर्णांकातला अंश यांचा अर्थ एकच. ४५ अंश याचा अर्थ ४५/३६० फेरी, फक्त छेद कायमचा ठरलेला असल्यामुळे लिहीत नाहीत. आणेवारीत सोळा लिहीत नाहीत तसंच. तेव्हा मुलीला पहिलं उत्तर हे : हो, हे दोन अंश सख्खे भाऊ आहेत.

ग्रीक ज्योतिषीही कोनाच्या या एककाला मोइरा म्हणत, म्हणजे वाटाच. मिनिट आणि सेकंद हे शब्द लॅटिनमधल्या ‘पहिला बारीक भाग’ आणि ‘दुसरा बारीक भाग’ यांवरून आले. घड्याळातला सेकंद हा असा दुसऱ्यांदा बारीक केलेला भाग आहे.

पण अरबीत या मापाला शब्द आहे दरजा. अर्थ पायरी. लॅटिनमध्ये ग्रॅडस, अर्थ पाऊल, पायरी. डिग्री त्यातून आला. आणि तो अरबी दरजा मराठीत ‘दर्जा’ होऊन कधीचाच नांदतो आहे. मालाचा दर्जा, अधिकाऱ्याचा दर्जा. म्हणजे आपल्या भाषेत दोन्ही कल्पना आहेत, वाटा सांगणारा अंश आणि पायरी सांगणारा दर्जा. पण डिग्रीचं मराठी करताना सगळीकडे अंशच वापरला गेला. माझ्या मते बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. वाटा असेल तर त्याची दुप्पट, निमपट करता येते. पायरीची दुप्पट करायची तर जिना कुठून सुरू होतो ते आधी माहीत हवं.

हे तापमानात सगळ्यात ठळक दिसतं, पण त्याआधी माझ्या कामातलं सांगतो.

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढा वर दिसतो, जवळजवळ तेवढाच त्या गावाचा अक्षांश. पुण्याला साडेअठरा अंश. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, करंगळी एक अंश. म्हणजे पुण्यात ध्रुवतारा दोन मुठींना जरा कमी पडतो. चंद्र दिसायला मोठा वाटतो, पण तो अर्धाच अंश आहे. करंगळीमागे सहज लपतो. मुलीला कोनमापकाआधी हे गच्चीवर करायला सांगा.

जमिनीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. ही लांबी काढण्यासाठी माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणीदारानं १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेष, मोजून सुरुवात केली आणि अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांकरवी टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत तो उत्तरेला सरकत राहिला. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असेल तर अंशाची लांबी उत्तरेकडे वाढत जायला हवी, आणि ती किती वाढते हे त्याला मोजून पाहायचं होतं. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्तापाशी एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा आणि ध्रुवापाशी १११.७ किलोमीटरचा. जेमतेम एका किलोमीटरचा फरक. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, त्याच कामाच्या वाटेवर. पुढचं काम एव्हरेस्टनं नेलं, आणि शिखराला नाव त्याचं लागलं. हिंगणघाटकडे कधी गेलात तर लॅम्बटनची आठवण काढा.

रेखांशाचा अंश मात्र कुठे उभे आहात त्यावर बदलतो. विषुववृत्तावर १११ किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर १०५च्या आसपास, ध्रुवावर शून्य. कारण वाटा बदलत नाही, ज्याचा वाटा घ्यायचा ते वर्तुळच लहान होत जातं. मोठ्या भाकरीची चतकोर आणि पुरीची चतकोर, दोन्ही चतकोरच.

वेळेच्या हिशेबात हा रेखांशाचा अंश फार सोयीचा. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं या रेखांशाची (ही मिनिटं कोनाची, अंशाचा साठावा भाग). मुंबईची स्वतःची वेळ, जी १९५५ पर्यंत शहरात चालत होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. ३९ ला चारानं भागा : पावणेदहा अंश. मुंबई त्या रेषेच्या तेवढी पश्चिमेला आहे. महाराष्ट्राचा पसारा ७२ अंश ३६ मिनिटांपासून ८० अंश ५४ मिनिटांपर्यंत, म्हणजे सव्वाआठ अंशांहून थोडा जास्त. त्यामुळे अक्षांशाचा फरक सोडला तर गडचिरोलीच्या पूर्व टोकाला सूर्य किनाऱ्यापेक्षा अर्ध्या तासाहून थोडा आधीच उगवलेला असतो.

आता एक चूक सांगतो, जी मी स्वतः केली आहे आणि नंतर दर वर्षी एखादा विद्यार्थी करताना पाहिली आहे. हातात धरायचे जीपीएस नवे आले तेव्हा मी एका जागेचा अक्षांश कागदावरून यंत्रात भरला. कागदावर होतं १९ अंश ७ मिनिटं. मी भरलं १९.०७. यंत्रानं मला मुकाट्यानं पाच किलोमीटर दक्षिणेला दुसऱ्याच गावच्या शिवारात नेलं, आणि तिथल्या शेतकऱ्यानं ‘साहेब, तुम्ही कोणाला शोधताय?’ असं विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. सात मिनिटं म्हणजे अंशाचे सात साठांश. दशांशात ते ०.११६७ होतात, ०.०७ नव्हे. पुण्याचं घ्या : १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. हे कोणी १८.३१ आणि ७३.५१ असं भरलं तर पुणं चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकून तोरणा आणि रायगड यांच्या मधल्या डोंगरात जाऊन पडतं. इथेही तोच न बोललेला छेद. बिंदूनंतर छेद शंभर, मिनिटांत साठ.

उताराचंही असंच. बोरघाटातला रेल्वेचा चढ १ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. अंशांत हे किती? जेमतेम दीड अंश. ऐकून काहीच वाटत नाही, पण त्या दीड अंशासाठी कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. रस्त्यावर हाच उतार टक्क्यांत सांगतात, २.७ टक्के. ४५ अंश म्हणजे १०० टक्के उतार, त्यामुळे ‘शंभर टक्के म्हणजे सरळसोट कडा’ ही समजूत चुकीची आहे. आणि अंश दुप्पट केले म्हणून टक्के दुप्पट होत नाहीत. लहान कोनांत जवळजवळ होतात, पुढे अजिबात नाही.

कॅल्क्युलेटरचा सापळा एका वाक्यात : ३० ची साइन ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आली तर यंत्र रेडियनवर आहे, आणि ०.४५४ आली तर ग्रेडवर. रेडियनमध्ये वर्तुळाचा ठरावीक वाटा घेत नाहीत, कंसाच्या लांबीला त्रिज्येनं भागतात. ग्रेडची गोष्ट मात्र पुढे कामाची आहे. फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत आली तेव्हा काटकोनाचेही शंभर भाग केले, वर्तुळाचे चारशे. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर दहा हजार किलोमीटर धरूनच मीटर ठरवला होता. त्यामुळे अक्षांशाचा एक ग्रेड म्हणजे शंभर किलोमीटर, आणि ग्रेडचा शंभरावा भाग म्हणजे एक किलोमीटर. फार सुंदर हिशेब. आमच्याकडे तो कोणी वापरला नाही. ग्रेडच्या त्या शंभराव्या भागाचं नाव होतं सेंटिग्रेड.

हो, तापमानाचंही तेच नाव होतं. फ्रेंचमध्ये एकच शब्द कोनालाही आणि उष्णतेलाही चालेना. हा घोळ मिटवायला १९४८ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तापमानाच्या मापाला सेल्सियस हे नाव दिलं. आपल्याकडे अजूनही कोणी सेंटिग्रेड म्हटलं की मला त्या फ्रेंच मोजणीदारांची आठवण येते.

सेल्सियसनं १७४२ मध्ये आपलं माप मांडलं तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि गोठत्या पाण्याला १०० दिले होते. तो वारल्यावर ते उलटं केलं गेलं. हे एकदा कळलं की अंशाचं रूप उघडं पडतं. ज्याची सुरुवात कुठल्याही टोकाकडून करता येते तो कशाचा वाटा असणार? गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, इथवर तो वाटा आहे. पण ‘आज ४० अंश’ म्हणताना आपण एका जिन्याच्या चाळिसाव्या पायरीवर उभे असतो, आणि त्या जिन्याची शून्याची पायरी पाण्याच्या सोयीनं निवडलेली आहे. खाली बराच जिना शिल्लक आहे.

म्हणून २० अंश आणि ४० अंश यांत दुपटीचं नातं नाही. फॅरनहाइटमध्ये हीच तापमानं ६८ आणि १०४ होतात, तिथे दुप्पट कुठे आहे? उष्णतेच्या खऱ्या तळापासून, म्हणजे केल्विनमध्ये, मोजलं तर २९३ आणि ३१३. जेमतेम सात टक्क्यांची वाढ. मे महिन्यात दुप्पट गरम झाल्यासारखं वाटतं ते आपल्या अंगाला.

इथून दुसरी एक चूक निघते, ती भल्या भल्या लेखांत दिसते. ‘जगाचं तापमान १.५ अंश सेल्सियसनं वाढलं’ याचं फॅरनहाइट करताना ३२ मिळवायचे नाहीत. पायरीचा क्रमांक बदलताना ३२ लागतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर बदलताना नुसतं नऊ-पंचमांशानं गुणायचं. उत्तर २.७ येतं. ३२ मिळवले तर ३४.७ येईल, आणि एवढी वाढ झाली असती तर लेख लिहायला कोणी उरलं नसतं. तापाचंही तसंच. ‘एकशे दोन ताप आहे’ हे वाचन, ‘दोन डिग्रीनं उतरला’ हा फरक. घरात अंश कोणी म्हणत नाही, तो आकाशवाणीच्या बातम्यांपुरता आहे.

आता आजीचा शनी. मला भविष्यात रस नाही, पण पंचांगाचं गणित पाहायला मला आवडतं, आणि वाटा की पायरी याचं सगळ्यात सुरेख उदाहरण तिथे आहे. ग्रह अमुक अंशावर म्हणताना शून्य अंश कुठे धरायचा? वसंतसंपातापाशी, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य असतो तिथे, धरला तर एक उत्तर, ताऱ्यांपाशी धरला तर दुसरं. या दोन शून्यांतलं अंतर म्हणजे अयनांश (पुन्हा अंश!), आणि ते साधारण ७२ वर्षांना एक अंश या गतीनं वाढतं. सध्या ते बहुतेक पंचांगांत २४ अंशांच्या आसपास आहे. म्हणून सूर्याचं उत्तरेकडे वळणं २१-२२ डिसेंबरला होतं आणि मकर संक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावर येते. टिळक पंचांग अयनांश सुमारे चार अंश कमी धरतं, त्यामुळे त्यात संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि कधी कधी अधिक महिनाही वेगळा पडतो. भांडण सगळं शून्याची पायरी कुठे रोवायची याचं आहे. सेल्सियस-फॅरनहाइटसारखंच, फक्त इथे तिळगूळ आहे.

पण तिथी घ्या. चंद्र आणि सूर्य यांच्या अंशांतला फरक बारानं वाढला की एक तिथी पुरी होते. तीस तिथी गुणिले बारा, ३६०. ही वजाबाकी आहे, आणि वजाबाकीत शून्य कुठेही धरा, ते कटून जातं. म्हणून कुठलाही अयनांश घेतला तरी त्यापायी तिथी बदलत नाही. संकष्टीचा चंद्र दोन्ही पंचांगवाल्यांच्या अंगणात एकाच रात्री उगवतो. चंद्राची चाल सारखी नसल्यानं हे बारा अंश कधी वीसेक तासांतच कापले जातात, कधी सव्वीस तासांच्या वर लागतात. तिथीचा क्षय आणि वृद्धी त्यातून येतात : एखाद्या तिथीच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही, एखादीला दोन येतात.

रेखांशही असाच पायरीवाला आहे. ग्रिनिचला शून्य हा १८८४चा करार. आपल्या जुन्या गणितात ते उज्जयिनीच्या रेषेवर होतं. म्हणून ‘८० रेखांश हा ४० च्या दुप्पट’ या वाक्याला काही अर्थ नाही, पण दोन गावांच्या रेखांशांतला फरक मात्र कामाचा असतो. अक्षांशाचं शून्य पृथ्वीच्या फिरण्यानंच ठरवून दिलं आहे, तिथे दुप्पट चालते.

आणि नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांसाठी एक उलटं उदाहरण. द्राक्षं ‘१८ ब्रिक्सला आली’ म्हणतात. पुस्तकात ते अठरा डिग्री ब्रिक्स. साखरेच्या शुद्ध पाकात ही डिग्री म्हणजे चक्क शंभर ग्रॅम द्रावणातली साखरेची ग्रॅम. इथे अंश हा शब्द अक्षरशः खरा आहे, शंभरातला वाटा. १८ ब्रिक्सच्या पाकात ९ ब्रिक्सच्या पाकापेक्षा साखरेचा वाटा खरंच दुप्पट. रस मात्र शुद्ध पाक नसतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं यंत्र, त्यात विरघळलेलं बाकीचंही मोजतो, म्हणून आकडा थोडा फुगवलेला समजावा. मजा अशी की याला कोणीच अंश म्हणत नाही, नुसतं ब्रिक्स म्हणतात.

बीजगणितात बहुपदीची डिग्री येते तिला मराठीत कोटी म्हणतात, अंश नाही. ते बरं केलं. तिथे वाटाही नाही आणि तापमानासारखा जिनाही नाही, नुसता सर्वांत मोठा घातांक मोजायचा असतो.

राहिला नववीतल्या मुलाचा अर्धा गुण. शिक्षकांनी तो बरोबर कापला. १९६७ साली त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेनं ‘अंश केल्विन’ हे नाव आणि त्यावरचं बारीक वर्तुळ दोन्ही काढून टाकलं. तेव्हापासून नुसतं ३०० केल्विन. कारण वर आलंच आहे. केल्विनचं शून्य कोणाच्या सोयीचं नाही, निसर्गाचा तळ आहे. त्यामुळे केल्विन हे मीटर-किलोग्रॅमसारखं साधं एकक होतं, आणि ६०० केल्विन हे ३०० केल्विनच्या खरोखर दुप्पट असतं. जसं आपण ‘तीन अंश मीटर’ म्हणत नाही, तसं ‘तीनशे अंश केल्विन’ही म्हणायचं नाही. फक्त मुलावर रागावू नका. माझ्या वेळच्या छापील पुस्तकांत ‘अंश केल्विन’च होतं, आणि वर्गात मीही ते किती तरी वर्षं तसंच शिकवलं.